भूमीचे धन आणि देशाची श्रीमंती



भूगोलाच्या तासाला नववीच्या वर्गात आम्ही खनिजसंपत्तीचा पाठ शिकवीत होतो. फळ्यावर भारताचा नकाशा टांगलेला होता आणि लोहखनिजाची ठिकाणे काठीने दाखविता दाखविता आम्ही गोव्यावर येऊन थांबलो. डिचोली, साखळी, सांगे ही नावे उच्चारताच वर्गात कुजबूज सुरू झाली. कारण ती नावे म्हणजे त्या मुलांची स्वतःची गावे. इतक्यात मागच्या बाकावरील एक विद्यार्थिनी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, जपान आपले लोहखनिज जवळजवळ सगळेच बाहेरून आणतो, असे तुम्ही मागच्या पाठात सांगितलेत. माती आमच्या डोंगरातून गेली. मग श्रीमंत ते कसे झाले, आणि आमचा ट्रक दारात गंजत का पडला?"

या प्रश्नावर वर्गात कोणी हसले नाही. खनिज वाहण्यासाठी कर्ज काढून घेतलेला आणि खाणी बंद पडल्यावर अंगणात उभा राहिलेला ट्रक त्या वर्गातील अनेक मुलांच्या परिचयाचा होता. घंटा वाजायला पाच मिनिटे उरली होती. आम्ही जे उत्तर दिले ते घाईचे व अपुरे होते, आणि त्याची रुखरुख आमच्या मनात राहिली. त्या प्रश्नाचे थोडे सविस्तर उत्तर द्यावे, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

साठा आणि उत्पन्न

निसर्गापासून मिळणाऱ्या संपत्तीचे दोन प्रकार आहेत. शेतजमीन, जंगल, नदीचे पाणी, समुद्रातील मासळी ही संपत्ती नीट राखली तर वर्षानुवर्षे फळ देत राहते. या वर्षी भात कापले म्हणून पुढच्या वर्षी शेत नाहीसे होत नाही. खनिजाची गोष्ट निराळी आहे. डोंगराच्या पोटातील लोखंडाची माती एकदाच काढता येते. ती बनण्यास कोट्यवधी वर्षे लागलेली असतात. काढून नेण्यास मात्र एका माणसाचे आयुष्यही पुष्कळ होते.

हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुढचा विचार सोपा होतो. समजा, एखाद्या कुटुंबाने आपले एक शेत दहा लाख रुपयांस विकले आणि ते पैसे वर्षभर सणवार, कपडालत्ता व नव्या मोटारीवर खर्च केले. त्या वर्षी त्या घरात मोठी भरभराट दिसेल. परंतु "या घराचे उत्पन्न वाढले" असे गावातील कोणी जाणता माणूस म्हणणार नाही. "घरातले एक शेत गेले," असेच तो म्हणेल. खनिज विकणे हे शेत विकण्यासारखे आहे. शेताचे पीक विकण्यासारखे नव्हे. आता त्याच कुटुंबाने त्या दहा लाखांत विहीर खणली, मुलांना शिकविले, किंवा दुसरे चांगले शेत घेतले, तर त्याने काही गमावले असे म्हणता येणार नाही. त्याने एका धनाचे रूपांतर दुसऱ्या धनात केले, इतकेच.

दुर्दैव असे की देशाच्या हिशेबात हा भेद सहसा दिसत नाही. वर्षभरात देशात जे उत्पादन होते त्याच्या बेरजेस सकल देशांतर्गत उत्पादन म्हणतात. खाणीतून निघालेल्या खनिजाच्या व्यवहारातून निर्माण झालेले मूल्य या बेरजेत जमा होते. परंतु डोंगराच्या जागी जो खड्डा पडला, त्याची वजाबाकी त्यात होत नाही. त्यामुळे साठा खाऊन जगणारा देशही काही वर्षे कागदावर झपाट्याने वाढताना दिसतो. बसून खाल्ले तर कुबेराचे भांडारही रिते होते, ही म्हण आपण एकेका माणसाला लावतो. ती राष्ट्रांनाही तितकीच लागू आहे.

माती विकत घेणारा देश

प्रथम जपानकडे पाहू, कारण आमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न तेथूनच निघाला. दुसऱ्या महायुद्धानंतर गोव्यातून लोहखनिजाची निर्यात वाढू लागली आणि १९५० नंतरच्या दशकांत जपान हे या खनिजाचे मोठे गिऱ्हाईक होते. मांडवी व जुवारी या नद्यांतून बार्जी भरून माती मुरगाव बंदरात येई आणि तेथून जहाजाने समुद्रापार जाई. त्या मातीचे जपानी भट्ट्यांत पोलाद होई. पोलादाची जहाजे, यंत्रे व मोटारी होत, आणि त्या जगभर विकल्या जात. एक टन मातीची किंमत आणि त्यापासून निघालेल्या पोलादाच्या यंत्राची किंमत यांत जे प्रचंड अंतर आहे, ते अंतर म्हणजेच त्या देशाचे ज्ञान, कौशल्य व संघटना यांचे मोल होय.

हे ज्ञान त्या देशाला एका दिवसात लाभले नाही. १८७२ मध्येच जपानने सर्व मुलांसाठी शिक्षणाचा कायदा केला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील दहांपैकी नऊहून अधिक मुले प्राथमिक शाळेत दाखल होत होती. यावाता येथील सरकारी पोलादाचा कारखाना १९०१ मध्ये सुरू झाला. म्हणजे शाळा आधी आली, भट्टी नंतर पेटली.

येथे एक गोष्ट लपवून ठेवणे योग्य होणार नाही. १९४५ पूर्वी जपाननेही शेजारी देशांतील खनिजे बळाने मिळविण्याचा मार्ग धरला होता. त्या मार्गाने त्यांचे शेजारी भरडले गेले आणि अखेरीस जपान स्वतःही बेचिराख झाला. त्यानंतरची त्याची भरभराट मात्र रीतसर विकत घेतलेल्या खनिजावर उभी राहिली. ज्या देशाला खनिज लुटूनही सुख लाभले नाही, त्यालाच ते विकत घेऊन वैभव प्राप्त झाले. यावरून एवढे निश्चित होते की पायाखाली खनिज नसणे हा श्रीमंतीच्या मार्गातील अडसर नव्हे.

नाऊरूची कथा

मग पायाखाली खनिज असणे ही श्रीमंतीची हमी आहे काय? याचे उत्तर प्रशांत महासागरातील नाऊरू नावाच्या चिमुकल्या बेटाने दिले आहे. या देशाचे क्षेत्रफळ अवघे २१ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडील काही मोठ्या गावांएवढे.

१८९९ मध्ये सिडनी येथील एका कंपनीच्या कचेरीत दार अडवून धरण्यासाठी एक दगड ठेवलेला असे. आल्बर्ट एलिस नावाच्या तरुण नोकराने संशय येऊन तो दगड तपासला, तेव्हा तो उत्तम प्रतीचा फॉस्फेटचा दगड निघाला. तो नाऊरू बेटावरून आणलेला होता. फॉस्फेट हे शेतीस लागणारे मोलाचे खत. काही वर्षांतच बेटावर खाणी सुरू झाल्या. पहिल्या महायुद्धानंतर बेटाचा कारभार ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या तीन देशांकडे आला. खत त्यांच्या शेतांवर पडत होते. खड्डे मात्र नाऊरूच्या भूमीत पडत होते.

३१ जानेवारी १९६८ रोजी नाऊरू स्वतंत्र झाला आणि थोड्याच काळात खाणी त्याच्या स्वतःच्या ताब्यात आल्या. मूठभर लोकसंख्या आणि अपार पैसा! १९७० नंतरच्या दशकात दरडोई उत्पन्नाच्या बाबतीत नाऊरूची गणना जगातील अग्रगण्य देशांत होऊ लागली. नागरिकांवर प्राप्तिकर नव्हता. सरकारने स्वतःची विमान कंपनी चालविली आणि मेलबर्न शहरात बावन्न मजल्यांची इमारत उभारली.

वाचक म्हणतील, त्यांनी पैसा गुंतविला तर खरा! होय, गुंतविला. भविष्यासाठी त्यांनी विश्वस्त निधीही स्थापन केला होता. परंतु निधी स्थापणे निराळे आणि तो राखणे निराळे. हिशेब चोख राहिले नाहीत. निधीतील पैसा तोट्याच्या व्यवहारांत गेला. खर्च भागेना तेव्हा निधीच्या आधारावर कर्जे काढली गेली. शतकाच्या अखेरीस फॉस्फेट संपत आले आणि त्याबरोबर सारा डोलारा कोसळला. मेलबर्नची ती इमारत २००४ मध्ये विकावी लागली. २००५ मध्ये विमान कंपनीचे उरलेले एकमेव विमानही सावकारांनी ताब्यात घेतले. बेटाचा सुमारे चार पंचमांश भाग खणला गेला असून तेथे आता चुनखडीचे उघडे सुळके उभे आहेत. त्यांवर धड शेतही पिकत नाही. परदेशी बोटींस दिलेले मासेमारीचे परवाने आणि ऑस्ट्रेलियाने आश्रयार्थींसाठी तेथे उघडलेल्या केंद्रापासून मिळणारा पैसा यांवर पुढे त्या देशाला विसंबावे लागले. २०१५ मध्ये नाऊरूने नव्याने एक निधी स्थापन केला आहे. ठेच लागल्यावर आलेले हे शहाणपण आहे; परंतु ते आले तेव्हा डोंगर उरला नव्हता.

श्रीमंतीचा रोग

नाऊरूला उधळपट्टी नडली, असे म्हणून हा विषय संपविता आला असता. परंतु जे देश उधळे नाहीत, शिकलेले आहेत, त्यांनाही खनिजाची संपत्ती एका निराळ्या रीतीने बाधते. तिचा बोध हॉलंडच्या उदाहरणावरून होतो.

१९५९ मध्ये हॉलंडच्या ग्रोनिंगन प्रांतात नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला. वायू परदेशी विकला जाऊ लागला आणि परदेशी पैशाचा ओघ देशात सुरू झाला. त्यामुळे हॉलंडचे चलन महाग झाले. चलन महाग झाले की त्या देशाचा माल परक्या गिऱ्हाइकाला महाग पडतो. परिणामी हॉलंडच्या कारखान्यांत तयार होणाऱ्या इतर मालाची निर्यात अडचणीत आली. एकीकडे वायूचे उत्पन्न वाढत होते आणि दुसरीकडे कारखाने माणसे कमी करीत होते. १९७७ मध्ये 'द इकॉनॉमिस्ट' या इंग्रजी साप्ताहिकाने या विकाराला 'डच रोग' असे नाव दिले, आणि अर्थशास्त्रात ते रूढ झाले.

या रोगाचे दुसरे लक्षण समजण्यास हॉलंडला जाण्याचे कारण नाही. खाणीच्या तेजीच्या दिवसांत आमच्या परिसरात नांगर धरावयास माणूस मिळत नसे. ट्रकवर बसणाऱ्या मुलाला जे एका फेरीत मिळे, ते शेतावर राबणाऱ्याला अनेक दिवसांत मिळत नसे. मग शेतावर कोण जाणार? कोणी शाळा अर्धवट सोडून गाडीवर क्लीनर म्हणून गेला. कोणी धंदा सोडला, कोणी कुळागराकडे पाठ फिरविली. यात त्या माणसांचा दोष नव्हता. जेथे चार पैसे अधिक मिळतात तेथे माणूस जाणारच. परंतु तेजी ओसरते तेव्हा मागे टाकलेला नांगर पुन्हा हाती धरणे सोपे नसते. आणि शाळा सोडलेल्या मुलाचे निघून गेलेले वय तर कोणीच परत देऊ शकत नाही. एका धंद्याचा उत्कर्ष बाकीच्या सर्व धंद्यांची मुळे सैल करतो, हे या रोगाचे वर्म होय.

वाळवंटातील पाऊस

इतके वाचून खनिज हा शापच आहे, असा ग्रह होण्याचा संभव आहे. 'संपत्तीचा शाप' अशा अर्थाचा शब्दप्रयोग अर्थशास्त्रज्ञ करतातही. परंतु तो ग्रह चुकीचा ठरविणारी उदाहरणे आहेत. त्यांतील एक आफ्रिकेतील बोत्स्वाना या देशाचे.

३० सप्टेंबर १९६६ रोजी बोत्स्वाना स्वतंत्र झाला, तेव्हा तो जगातील अत्यंत दरिद्री देशांपैकी एक होता. बहुतेक भूमी कालाहारीच्या वाळवंटाने व्यापलेली. साऱ्या देशात डांबरी सडक अवघी बारा किलोमीटरच्या आसपास, आणि पदवीधर बोटांवर मोजण्याजोगे. पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, ओरापा येथे हिऱ्यांचा मोठा साठा सापडला.

या ठिकाणी देशाच्या पहिल्या अध्यक्षांची, सेरेत्से खामा यांची, कसोटी होती. ते ज्या जमातीच्या राजघराण्यातील, त्याच जमातीच्या प्रदेशात ओरापा येते. हिरे आमच्या जमातीचे, असे त्यांनी म्हटले असते तर कित्येकांना ते स्वाभाविक वाटले असते. आणि कदाचित त्यातून देशात यादवीही माजली असती. तसे घडले नाही. भूगर्भातील संपत्ती जमातीची नसून राष्ट्राची, असा कायदा त्यांच्या राजवटीत १९६७ मध्ये झाला. पुढे हिऱ्यांच्या व्यापारातील बलाढ्य डी बिअर्स कंपनीशी चिकाटीने वाटाघाटी करून सरकारने खाणींत निम्मी भागीदारी मिळविली. खनिजापासून येणारा पैसा मुख्यतः शाळा, दवाखाने, रस्ते अशा टिकाऊ कामांत घालावा, असे धोरण सरकारने ठेवले. १९९४ मध्ये भावी पिढ्यांसाठी एक निधीही स्थापन केला. त्याचे नाव 'पुला'. देशाच्या चलनाचे नावही तेच. पुला म्हणजे पाऊस. वाळवंटातील माणसाला धनासाठी याहून योग्य शब्द कोणता सुचणार? स्वातंत्र्यानंतरच्या तीन दशकांत दरडोई उत्पन्नाच्या वाढीत बोत्स्वाना जगातील सर्वांत वेगाने वाढणाऱ्या देशांत गणला गेला.

तरीही हे चित्र निर्दोष नाही. श्रीमंत व गरीब यांतील दरी तेथे मोठी आहे, तरुणांत बेकारी आहे. शिवाय हिऱ्यांखेरीज दुसरे मोठे उद्योग पुरेसे उभे राहिले नाहीत. प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या हिऱ्यांमुळे व मंदीमुळे खाणीच्या हिऱ्यांची मागणी घटली, तेव्हा २०२४ मध्ये त्या देशाचे उत्पादन वाढण्याऐवजी घटले. शहाणपणाने चाललेल्या घरालाही एकाच खांबावर छप्पर तोलणे धोक्याचे असते.

नॉर्वेने हाच धडा ओळखून पुढचे पाऊल टाकले. १९६९ च्या अखेरीस उत्तर समुद्रात त्यांना तेल सापडले. १९९० मध्ये त्यांनी निधीचा कायदा केला आणि १९९६ मध्ये त्यात पहिला भरणा झाला. हा पैसा देशात एकदम न ओतता परदेशांत गुंतवावयाचा आणि दरवर्षी त्याच्या अपेक्षित फळाएवढाच भाग अंदाजपत्रकात घ्यावयाचा, असा त्यांचा नियम आहे. २००१ मध्ये हे प्रमाण शेकडा ४ ठरले होते. २०१७ मध्ये ते शेकडा ३ वर आणण्यात आले. पैसा बाहेर ठेवल्याने डच रोगाची बाधा कमी होते, आणि मुद्दल न मोडल्याने तेल संपले तरी उत्पन्न संपत नाही. सुमारे ५५ लाख लोकवस्तीच्या त्या देशाचा हा निधी आज एक लक्ष कोटी डॉलरच्या पलीकडे गेला आहे.

आपल्या अंगणात

आता आपल्या घरी परत येऊ. चीनमधील पोलादाच्या भट्ट्यांची भूक वाढली तशी, पूर्वी टाकाऊ समजली जाणारी हलक्या प्रतीची मातीही विकली जाऊ लागली. २०१०–११ या एका वर्षात गोव्यातून सुमारे पाच कोटी टन लोहखनिज बाहेर गेले. पुढे सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली. एप्रिल २०१४ च्या निर्णयात न्यायालयाने खाणपट्ट्यांची मुदत २००७ मध्येच संपली होती असे ठरविले, आणि वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून दिली. त्यानंतर खाणकाम पुन्हा सुरू झाले. परंतु फेब्रुवारी २०१८ मध्ये पट्ट्यांचे नूतनीकरण न्यायालयाने रद्द केल्याने मार्चमध्ये ते दुसऱ्यांदा थांबले. डिसेंबर २०२२ पासून खाणींचे लिलाव सुरू झाले, आणि आता काही ठिकाणी काम पुन्हा चालू झाले आहे.

या साठ-सत्तर वर्षांचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. खाणींनी पुष्कळ घरांवर पक्के छप्पर घातले. आमच्या शाळेतून पुढे गेलेले कित्येक विद्यार्थी बापाच्या ट्रकच्या किंवा बार्जीवरील नोकरीच्या बळावर शिकले. ही जमेची बाजू कोणी नाकारू नये. दुसऱ्या बाजूस गाळाने भरलेली शेते, खोल खड्ड्यांमुळे आटलेल्या विहिरी आणि ओसाड टेकड्या आहेत. आणि एक प्रश्न शिल्लक राहतो. इतकी माती गेली, तिच्या मोबदल्यात आपण कोणते नवे धन उभे केले? खाणीच्या गावांत कारखाने किती आले, तंत्रशाळा किती निघाल्या, पुढच्या पिढीसाठी शिल्लक किती पडली?

शिल्लक टाकण्याची कल्पना परकी आहे, असे मात्र कोणी समजू नये. आपल्या गोव्यातील गावकरी संस्था तुम्ही पाहिल्या आहेत. गावची जमीन सामाईक. ती खंडाने कसावयास द्यावयाची. त्या उत्पन्नातून प्रथम बांध व मानस यांची दुरुस्ती, देवस्थान व गावची इतर कामे भागवावयाची, आणि उरेल ते 'झोण' म्हणून गावकऱ्यांत वाटावयाचे. शेत राखावे, खंड तेवढा वाटावा, असा हा नियम आहे. पोर्तुगीज अंमलात १५२६ मध्ये या चालीरीतींची नोंद एका सनदेत झाली. म्हणजे चाल त्याहूनही जुनी. या व्यवस्थेतही दोष होता. झोणाचा हक्क गावकऱ्यांनाच असे. चिखलात राबणाऱ्या पुष्कळांना तो नव्हता. तेवढा दोष काढून टाकला, गावकरी या शब्दात गावातील प्रत्येक मूल धरले, तर नॉर्वेच्या निधीत आणि आपल्या झोणात तत्त्वाचा फरक उरत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या निर्णयात हेच तत्त्व एका परीने मान्य केले आहे. खनिजाच्या विक्रीच्या रकमेतील शेकडा १० भाग गोव्याच्या कायम निधीत जमा व्हावा आणि तो येणाऱ्या पिढ्यांचा वाटा म्हणून राखला जावा, असा आदेश न्यायालयाने दिला. निधी झाला, ही चांगली गोष्ट आहे. परंतु नाऊरूपाशीही निधी होता, हे आपण विसरू नये. निधी राखणारी खरी पेटी लोखंडाची नसते. ज्यांना हिशेब वाचता येतो आणि विचारता येतो, असे नागरिक हीच ती पेटी होय.

तात्पर्य

या सर्व विवेचनाचे सार आम्ही तीन वाक्यांत सांगतो. खनिज हे उत्पन्न नव्हे, ते मुद्दल आहे. त्याचे शाप की वर हे भूगर्भ ठरवीत नाही; त्या भूमीवर राहणाऱ्या लोकांचे कायदे, त्यांचा हिशेब व त्यांचे शिक्षण ठरविते. आणि जो देश आपले मुद्दल माणसांच्या अंगच्या गुणांत रूपांतरित करतो, त्याचे धन खाणी संपल्या तरी संपत नाही.

आमच्या त्या विद्यार्थिनीस आता आम्ही एवढेच सांगू: बाई, तुझा ट्रक गंजला याला तू किंवा तुझे वडील कारण नाहीत. मातीचे पैसे आले तेव्हा त्यांचा हिशेब मागण्याचे काम आम्हा वडीलधाऱ्यांचे होते, आणि ते आम्ही पुरते केले नाही. डोंगरात अजून माती आहे आणि खाणी पुन्हा उघडत आहेत. या वेळी हिशेब मागणाऱ्यांत तू असावीस, म्हणून भूगोलाबरोबर गणिताचीही वही नीट ठेव.

अभ्यासासाठी

१. आपल्या गावातील नैसर्गिक संपत्तीची यादी करा. तीत पुन्हा निर्माण होणारी कोणती व एकदाच मिळणारी कोणती, ते लिहा.

२. घरातील वडील मंडळींस विचारून खाणी चालू असताना व बंद असताना गावातील कोणते धंदे वाढले आणि कोणते घटले, याची टिपणे करा.

३. नाऊरू व नॉर्वे या दोन्ही देशांनी निधी स्थापन केला. एकाचा का टिकला नाही आणि दुसऱ्याचा का वाढला, हे स्वतःच्या शब्दांत सांगा.

४. गावकरी संस्थेतील झोणाचा नियम आजच्या खनिज निधीस लावावयाचा झाल्यास त्यात कोणती सुधारणा करावी लागेल, यावर दहा ओळी लिहा.